एका नंबरचे दोन ट्रक

वरोऱ्याला नागपूर रोडवर, बसस्टँडच्या थोडं पुढे माझं पेंटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर टिनाचं छप्पर, एक बाक आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवलेल्या पाट्या. किराणा दुकानांचे बोर्ड मी काढायचो, निवडणूक आली की भिंती रंगवायचो, पण बारा महिने चालणारं काम गाड्यांच्या नंबराचं. मोटारसायकलची पाटी काळ्यावर पांढरी, ट्रकची पांढऱ्यावर काळी. त्या काळी पाटी कोणीही काढून द्यायचं. लोखंडाचा पत्रा आणा, नंबर सांगा, तासाभरानं घेऊन जा. कोणी काही विचारत नव्हतं. मीही विचारत नव्हतो.

ट्रकवाले मला कधी आवडले नाहीत. ट्रकच्या मागच्या फळीवर वाघ हवा, वाघाच्या बाजूला नटी हवी, नटीचा पदर उडालेला हवा. त्यापायी हे लोक दोन दोन दिवस माझ्या डोक्यावर उभे राहत. नंबराची गोष्ट निघाली की म्हणत, "तो टाक न कसाही." नंबर त्यांना सरकारची कटकट वाटायची. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला आपल्या गाडीच्या नोंदणीच्या बुकात काय लिहिलंय हे माहीत नसे. बुक मालकाच्या कपाटात असतं, एवढंच ज्ञान.

या सगळ्यांत श्रीहरीभाऊ वरचा. माजरीच्या कोळसा खाणीपासून घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यापर्यंत त्याचे ट्रक चालत. कोळशाच्या धंद्यात राहून त्याचे कपडे पांढरेफेक असत आणि याचा त्याला मोठा अभिमान होता. पांढरे राहत कारण काळं होणं त्यानं दुसऱ्यांना वाटून दिलं होतं. खिशात कंगवा, कानात अत्तराचा फाया. बोलणं असं की जणू जिल्ह्यातली प्रत्येक विहीर यानंच खणली आहे. कोणत्याही मयताला तो सर्वांत आधी हजर असायचा आणि सर्वांत आधी निघून जायचा. लोक त्याला भाऊ म्हणत. मीही म्हणत होतो.

त्याचा एक ट्रक होता, नंबर सत्तेचाळीस एकोणीस. निळ्या केबिनचा. त्याची पाटी चंद्रपूरच्या कोण्या पेंटरनं काढलेली, अक्षर बेंगरूळ पण वाचता येईल असं. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात श्रीहरीचा ड्रायव्हर दोन कोरे पत्रे घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, पाटी पडली, नवी करून पाहिजे, सत्तेचाळीस एकोणीस. मी काढून दिली. दुपारी चहा प्यायला रस्त्यापलीकडे गेलो तर निळ्या केबिनचा ट्रक समोरून गेला. त्याच्या पुढच्या बंपरवर जुनी पाटी जशीच्या तशी होती.

आठवड्यानं तीच माझी नवी पाटी मी एका लाल केबिनच्या ट्रकवर पाहिली.

आता कोणी विचारेल की तेव्हाच का बोलला नाहीस. बोलण्यासारखं काय होतं? ज्याला डोळे आहेत त्याला समजत होतं. एका ट्रकचा टॅक्स भरायचा, एकाचं परमिट काढायचं, आणि त्याच नंबरावर दोन चालवायचे. दोन्ही एका नाक्यावर एका वेळी आले नाहीत म्हणजे झालं. मला समजलं आणि मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून धुतला. त्यानंतर त्याच नंबराची पाटी मी आणखी एकदा काढली. तेव्हा ड्रायव्हरनं पाटी पडली असं म्हणण्याचीही तसदी घेतली नाही.

माझ्या अक्षराबद्दल एक सांगायला हवं. इंग्रजी सात मी सगळ्यांसारखा काढत नसे. त्याच्या पोटातून एक बारीक आडवी रेघ ओढायचो. नागपूरला ज्या उस्तादाकडे शिकलो त्याची ती सवय. नियमात ती बसत नव्हती, पण आजवर कोणी अडवलं नव्हतं, आणि लांबून पाटी दिसली की हे आपलं काम आहे हे मला ओळखू येई. माणसाला काहीतरी घमेंड लागते. माझी एवढीच होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माजरी रोडवर एक अपघात झाला. खाणीची पहिली पाळी सुटली होती. डोमा रामटेके नावाचा कामगार सायकलवर घराकडे निघाला होता. मागून कोळशाचा ट्रक आला, सायकल खाली गेली, डोमाच्या डाव्या पायावरून मागचं चाक गेलं. ट्रक थांबला नाही. डोमा रस्त्यावर पडल्या पडल्या त्या ट्रककडे पाहत राहिला आणि लोक धावत आले तेव्हा सर्वांत आधी त्यानं नंबर सांगितला. पाय नंतर दाखवला. नागपूरच्या दवाखान्यात तो पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

पोलिसांनी नंबराचा मालक शोधला. तो श्रीहरी. त्यानं लगेच निळ्या केबिनचा ट्रक ठाण्यासमोर आणून उभा केला. एकही ओरखडा नाही. सोबत घुग्घुसच्या काट्याची पावती. अपघाताच्या वेळी हा ट्रक तिथे वजनाला उभा होता. पावती खरी होती, शिक्का खरा होता, वेळ खरी होती. एक ट्रक दोन ठिकाणी कसा असेल?

ठाण्यातला जमादार दवाखान्यात जाऊन आला. डोमाला त्यानं नंबर कागदावर लिहून दाखवायला सांगितलं. डोमानं जसा पाहिला तसा काढून दाखवला, सातच्या पोटात रेघ मारून. जमादार हसला. असा सात कोणत्या शाळेत शिकवतात, असं त्यानं वॉर्डातल्या चार माणसांदेखत विचारलं. धूळ होती, माणूस घाबरला होता, शिवाय खाणीतला मजूर. त्याला इंग्रजी आकडे काय वाचता येणार, असं ठरलं. कागदावर लिहिलं गेलं की जखमी इसमास वाहनाचा क्रमांक नीट वाचता आला नसावा.

हे सगळं मला नंतर समजलं. समजलं ते केसरबाईकडून. केसरबाई म्हणजे डोमाची बायको.

ती दुकानात आली तेव्हा मला वाटलं, कापूस वेचायला जाणारी कोणी बाई पत्ता विचारायला आली असेल. तिनं काही विचारलं नाही. भिंतीला टेकवलेल्या पाट्या एक एक पाहत गेली. एका मोटारसायकलच्या पाटीपुढे ती थांबली. मग कमरेची चंची सोडून तिनं एक घडी केलेला कागद काढला आणि पाटीच्या बाजूला धरला. पेन्सिलनं चार आकडे काढलेले होते.

"हा सात तुमीच काढता का?" तिनं विचारलं.

मी फुशारकीनं हो म्हणालो. सांगितलं की पूर्ण जिल्ह्यात असा सात दुसरा कोणी काढत नाही.

"मी नऊ पेंटर पाहून आली. भद्रावतीचे पाहिले, घुग्घुसचे पाहिले. कोनीच नाई काढत." ती म्हणाली. "मंग सत्तेचाळीस एकोणीस कोनासाठी काढला?"

माझ्या हातातला ब्रश मी उगाच पुसत राहिलो. म्हणालो, रोज किती पाट्या काढतो, कोणाकोणाचं ध्यानात ठेवू. तेव्हा तिनं बाकावर न बसता, उभ्यानंच सगळं सांगितलं. रस्ता, पाय, दवाखाना, जमादार, पावती. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. तिचा नवरा मॅट्रिकला दोनदा बसलेला होता. वस्तीतल्या विहारात तो दर रविवारी सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा, अकरा वर्षं. आता वस्तीतली पोरंटोरंही त्याला विचारत होती की काका, सातच्या पोटात रेघ असते का? तो दवाखान्यातून आल्यापासून पेपरला हात लावत नव्हता.

मी म्हणालो, "बाई, मी रंग लावतो. गाडी कोणाची, कागद खरे का खोटे, ते पाहणं माझं काम नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नालीतून पाणी जात असतं, ते कुठे जातं हे माणूस ज्या नजरेनं पाहतो, तशी ती नजर होती.

"सारे म्हनतात माह्या मालकाले वाचता येत नाई," ती म्हणाली. "तुमी जे लिहिलं तेच त्यानं वाचलं. मंग तुमाले लिहिता येत नाई का?"

तिनं कागद चंचीत ठेवला. गुरुवारी पुन्हा येते, एवढं बोलून ती निघून गेली. मी नको म्हणालो नाही आणि या असंही म्हणालो नाही.

कोणी बाई पेंटरांची दुकानं हुडकत फिरते आहे, ही खबर श्रीहरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी त्याचा माणूस आला आणि मला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या त्याच्या आवारात घेऊन गेला. श्रीहरी खुर्चीवर बसला होता. पुढे उसाचा रस, त्यावर बर्फ. त्यानं मला बसायला सांगितलं नाही.

"नवाब, त्या सातची रेघ काढून टाक," तो म्हणाला. "साधा सात कर. अन् आजपासून तुह्या साऱ्या पाट्यांवरचा सात साधा. काऊन नाटकं करून राह्यला तू?"

मी विचारलं की त्या माणसाचा पाय गेला, ते त्याला माहीत आहे का. त्याला माहीत होतं. त्याला फार वाईट वाटलं होतं. दवाखान्यात त्यानं संत्र्यांची टोपली पाठवली होती आणि ती त्या बाईनं परत पाठवली, याचं तर त्याला जास्तच वाईट वाटलं होतं. या लोकांना माणुसकी समजत नाही, तो म्हणाला. दोन अक्षरं शिकले की त्यांना वाटतं, रस्त्यानं जाणारं सारं काही आपण वाचू शकतो. मग त्यानं कंगवा काढून केस मागे घेतले आणि मला सांगितलं की मी मात्र तसा नाही, मी समजदार माणूस आहे.

मी नाही म्हणालो नाही. खोटं कशाला सांगू? रंगाची पेटी उचलली आणि तो दाखवेल तिकडे गेलो.

लाल केबिनचा ट्रक शेडच्या मागे ताडपत्रीखाली उभा होता. पुढचा बंपर नवा बसवला होता. जवळून पाहिला तेव्हा तो ट्रक किती जुना आहे ते दिसलं. दरवाजा तारेनं बांधलेला, फळ्यांच्या फटींत सागाच्या साली अडकलेल्या. लाकूड वाहिलेला ट्रक होता तो, कोळशाच्या आधीचा. मी पाटी खरवडली, पांढरा हात दिला, आणि तो वाळेपर्यंत बसून राहिलो. माझ्यावर नजर ठेवायला ठेवलेला ड्रायव्हर वारलू थोड्या वेळानं ताडपत्रीच्या सावलीत कलंडला आणि घोरायला लागला. श्रीहरीला माणसंही श्रीहरीसारखीच मिळत.

गाड्यांची पासिंग व्हायची त्या मैदानावर मी पूर्वी बरेचदा कामाला गेलो होतो. मोटार इन्स्पेक्टर काय करतात ते पाहिलं होतं. पाटीकडे ते पहिल्यांदा पाहतच नाहीत. पुढच्या चाकाजवळ वाकतात, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडावर ठोकलेला नंबर पुसतात, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतात. नंबर कागदावर उमटतो. मग बुक उघडून तो जुळवतात.

अक्षरं उतरवायचा पातळ कागद माझ्या पेटीत असायचाच. मी चाकाजवळ बसलो, टर्पेंटाइनच्या फडक्यानं लोखंडावरची माती आणि ग्रीस काढलं. पहिला कागद घाईत फाटला. दुसऱ्या कागदावर नंबर नीट उमटला. तो घडी करून मी बनियनच्या आत ठेवला. मग उठलो आणि पाटीवर सत्तेचाळीस एकोणीस लिहिलं, साध्या सातचं. माझ्या हातचं इतकं गचाळ काम दुसरं नव्हतं. श्रीहरीनं येऊन पाहिलं आणि म्हणाला, आता कसं सरळ दिसून राह्यलं.

घरी कनीजला, माझ्या बायकोला, कागद दाखवला. मी काही शौर्य केलं असं ती म्हणेल, अशी माझी समजूत. तिनं विचारलं की पाटीपण काढून दिली आणि कागदपण आणला, म्हणजे तुम्ही नेमके कोणाकडून? तिनं तो कागद कुराणाच्या फळीवर ठेवू दिला नाही. मग मी तो रंगाच्या पेटीतच ठेवला.

गुरुवारी केसरबाई आली. मी कागद तिच्या हातात दिला आणि मोकळा झालो असं समजलो. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. तेव्हा मी तिला समजावून सांगितलं. पाटी म्हणजे नुसता रंग. आज लिहिली, उद्या खरवडली. हरवली, तुटली तर तोच नंबर पुन्हा लिहायचा. पाटी बदलली म्हणून नंबर बदलत नाही आणि पाटी लावली म्हणून गाडी त्या नंबराची होत नाही. गाडीची खरी ओळख लोखंडावर ठोकलेली असते, चेसिसवर आणि इंजिनवर. गाडी नवी घेतली की हे ठोकलेले नंबर बुकात लिहितात, सरकारी रजिस्टरात लिहितात, आणि त्यांच्यासमोर पाटीचा नंबर देतात. गाडी मोडीत काढली की बुक परत करायचं; तिचा नंबर तिथेच संपतो. म्हणून सत्तेचाळीस एकोणीससमोर रजिस्टरात जो चेसिस नंबर असेल तो या कागदाशी जुळला नाही, तर हा ट्रक दुसराच आहे.

"म्हंजे पाटीनं खोटं बोलता येते, लोखंडाले नाई येत," ती म्हणाली.

एका दमात तिला समजलं. श्रीहरीच्या ड्रायव्हरांना जन्मात समजलं नव्हतं.

मग तिनं कागद मला परत केला. मी म्हणालो, घेऊन जा, तुमच्यासाठीच आणला आहे.

"मी नेला तं म्हनतीन, बाईनं कोठून तरी उचलून आनला," ती म्हणाली. "हात तुमचा हाये. तुमी चाला."

मी कामाचं निमित्त सांगितलं. ती बाकावर बसली. गिऱ्हाइकं आली, गेली, ती बसूनच होती. कोणी विचारलं तर सांगायची, पेंटरभाऊंची वाट पाहून राह्यली. दुपारी दीड वाजता मी ब्रश धुतले आणि आम्ही चंद्रपूरची बस धरली. भांदकला बस थांबली तेव्हा मी चहा विचारला. तिनं मान हलवून नको म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

मोटार इन्स्पेक्टर बारीक चणीचा, चष्मेवाला माणूस होता. त्यानं कागद उजेडाला धरला, कोणत्या गाडीचा आणि कसा घेतला ते विचारलं. कारकुनाकडून जाड रजिस्टर मागवलं, सत्तेचाळीस एकोणीसचं पान काढलं आणि बोट ठेवून एक एक आकडा वाचला. तीनच आकडे जुळले. बाकीचे नाही. केसरबाई टेबलाच्या कडेला धरून उभी होती. त्यानं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं, दोन्ही नंबर तिला दाखवले आणि सांगितलं की बाई, तुमच्या नवऱ्यानं पाहिलेला ट्रक आणि रजिस्टरातला हा ट्रक वेगळे आहेत, पण पाटी दोघांवर एकच होती.

नंतर तो माझ्याकडे वळला.

"पाटी काढताना तुम्ही बुक पाहता का?"

मी नाही म्हणालो.

"एकच नंबर दुसऱ्यांदा आला तेव्हा समजलं होतं?"

मी काही तरी पुटपुटलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. केसरबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, तिचं म्हणणं लिहून घेतलं. माझं म्हणणं उभ्यानंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आवारात धाड पडली. लाल ट्रक ताडपत्रीखालीच सापडला. चौकशीत निघालं की तो आलापल्लीच्या जंगलात वर्षानुवर्षं साग ओढून ओढून खिळखिळा झालेला ट्रक. त्याच्या मालकानं तो भंगारात विकला होता आणि बुक रीतसर परत केलं होतं. सरकारच्या लेखी ती गाडी चार वर्षांपूर्वीच संपली होती. श्रीहरीनं ती भंगारवाल्याकडून घेतली, ठोकठाक केली आणि माजरीच्या रस्त्यावर सोडली. ना टॅक्स, ना परमिट, ना विमा. ब्रेक कोणी तपासायचा प्रश्नच नव्हता. पुढचा जुना बंपर शेडमध्ये पडलेला होता. त्याच्या वाकलेल्या कोपऱ्यात सायकलचा हिरवा रंग होता.

श्रीहरीनं काय काय सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. पहिल्यांदा म्हणाला, तो ट्रक नाहीच, सुट्या भागांसाठी आणलेलं लोखंड आहे. मग म्हणाला, ड्रायव्हर वारलूनं परस्पर चालवला. वारलूनं तोंड उघडल्यावर म्हणाला, पाट्या पेंटर नवाबनं आपल्या मनानं लावल्या, पेंटर लोकांचा यात मोठा धंदा असतो. दोन पोलिसांमध्ये बसून जाताना त्यानं कंगवा काढला, पण केसांना लावला नाही, नुसता हातात धरून बसला. ज्या लोकांनी आठ दिवसांपूर्वी त्याला भाऊ म्हटलं होतं ते माझ्या दुकानासमोर उभे राहून सांगत होते की आम्हाला तर पहिल्यापासूनच माहीत होतं. त्यांचा मला श्रीहरीपेक्षा जास्त वीट आला. मग ध्यानात आलं की हे वाक्य त्यांच्यापैकी कोणापेक्षाही मला जास्त शोभतं.

खटला तीन वर्षं चालला. मला तीनदा साक्षीला बोलावलं. श्रीहरीच्या वकिलानं मला विचारलं की दुसऱ्यांदा तोच नंबर लिहिताना मला संशय आला नाही का. नाही म्हटलं तर मी मूर्ख, हो म्हटलं तर मी भागीदार. मी हो म्हणालो. कोर्टात पाठीमागे केसरबाई बसलेली होती आणि डोमा कुबड्या बाजूला ठेवून बसला होता. माझं हो ऐकून त्यांच्या चेहऱ्यात काही बदल झाला नाही. त्यांना यात नवीन काहीच नव्हतं.

श्रीहरीला सहा महिन्यांची सजा झाली. तो अपिलात गेला आणि जामिनावर बाहेर राहिला. निळा ट्रक त्यानं विकला. भरपाईचा दावा वेगळ्या कोर्टात अडकून पडला. दरम्यान मी बुक पाहिल्याशिवाय पाटी काढणं बंद केलं होतं, त्यामुळे ट्रकवाले माझ्याकडे यायचे बंद झाले आणि स्टँडपलीकडच्या पेंटरकडे जायला लागले. माझ्याकडे शाळा आणि किराणा दुकानं उरली.

निकालानंतर महिनाभरानं मी माजरीला गेलो. का गेलो ते सांगायला मला लाज वाटते. मला वाटत होतं की डोमा माझा हात धरेल. काही बोलेल. वरोऱ्याहून निघताना मी अर्धा किलो बर्फी घेतली होती.

डोमाला खाणीत हजेरीच्या खिडकीवर बसतं काम मिळालं होतं. रविवार होता, तो घरी होता. पुढच्या खोलीत वस्तीतले आठ-दहा लोक चटईवर बसले होते. केसरबाईनं मला पाणी दिलं, बर्फीचा पुडा घेऊन फळीवर ठेवला आणि कोपऱ्यात जागा दाखवली. डोमाच्या हातात पेपर नव्हता. कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची नक्कल होती. ती त्याला त्याच आठवड्यात मिळाली होती आणि तो ती सगळ्यांना वाचून दाखवत होता. आवाज खणखणीत, थांबे जागच्या जागी. वाचणारा माणूस होता तो.

"फिर्यादीतर्फे साक्षीदार क्रमांक एक डोमा रामटेके यांनी अपघातसमयी वाहनाचा क्रमांक अचूक वाचला होता," त्यानं वाचलं, "आणि तो ज्या पद्धतीने लिहिलेला होता तीही त्यांनी तंतोतंत सांगितली, हे या न्यायालयासमोर निःसंशय सिद्ध झाले आहे."

एका म्हाताऱ्यानं पुन्हा वाच म्हटलं. डोमानं पुन्हा वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकदोघांनी नुसत्या माना हलवल्या. जमादाराच्या त्या कागदावरचा शेरा आता कोणी उच्चारलाही नाही.

मला वाटलं, आता तो थांबेल. त्यानं पान उलटलं.

"साक्षीदार क्रमांक चार, पेंटर नवाब, याने एका वाहनाचा क्रमांक दुसऱ्याच वाहनासाठी लिहून दिला. तसे करताना आपण काय करीत आहोत याची त्याला जाणीव होती, हे त्याच्याच उत्तरांवरून दिसते. त्याने नंतर केलेल्या साहाय्यामुळे ही बाब पुसली जात नाही."

त्यानं घाईनं वाचलं नाही आणि जोर देऊनही वाचलं नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीच्यांना मी कोण ते माहीत होतं, तरी एकाही डोक्यानं वळून पाहिलं नाही. मी बरीच वर्षं लोकांची नावं मोठ्या अक्षरात लिहिली होती. माझं नाव असं स्वच्छ, शब्दागणिक वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

डोमा साक्षीदार क्रमांक पाचकडे वळला. केसरबाई दाराशी सुपात डाळ पाखडत होती. नक्कल बावीस पानांची होती, आणि शेवटच्या पानापर्यंत मी उठलो नाही.